ओळींवर कपॅसिटर लावूनही लॅच खोटा क्लॉक का होतो? लोड कपॅसिटन्स आणि स्विचिंग नॉइजचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. ५ व्होल्टवर चालणारा ७४एसी२४४ (आठ ओळींचा बफर, म्हणजे ड्रायव्हर), २० पिनांचा डिप, सॉकेटमध्ये बसवलेला. त्याच्यावर आठ ओळी आहेत: सात डेटाच्या, एक स्ट्रोबची (लॅचला डेटा उचलायला सांगणारी). पुढे ६० सेंटिमीटर लांबीची एफआरसी (चपटी रिबन) केबल आणि पलीकडच्या डिस्प्ले कार्डावर डेटा धरून ठेवणारा ७४एचसीटी५७४ लॅच. सातही डेटा-ओळी एकदम १ वरून ० वर गेल्या की स्ट्रोब न हलवताच लॅच क्लॉक होतो. कुणाच्या तरी सल्ल्याने ड्रायव्हरजवळ प्रत्येक ओळीवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावला, तर त्रास वाढला. व्हीसीसी (पुरवठा) आणि ग्राउंडमधलं ०.१ मायक्रोफॅरडचं डिकपलिंग दुप्पट केलं, काही फरक पडला नाही. डेटाचा वेग १ मेगाहर्ट्झच्या आत आहे. लोड कपॅसिटन्स वाढला की नॉइज कमी व्हायला हवा ना?

आधी काम सांगतो, मग कारण. ते १०० पिकोफॅरडचे कपॅसिटर डेटा-ओळींवरून काढून टाका. त्याजागी २४४ च्या पायांपासून एक-दोन सेंटिमीटरच्या आत प्रत्येक ओळीत ८२ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. आणि १ मेगाहर्ट्झसाठी एसी या जलद घराण्याची काहीच गरज नाही. त्याच पिनांचा, पण संथ एचसी घराण्याचा ७४एचसी२४४ सॉकेटमध्ये बसवा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. भागलं नाही, तर दोष केबलच्या ग्राउंडमध्ये आहे; त्याकडे पुढे येतो.

आता कारण. आउटपुट ० वर जातं तेव्हा ओळीवर साठलेला चार्ज कुठून कुठे जातो, ते कागदावर बोट ठेवून पाहा. लोड कपॅसिटन्सचं एक टोक ओळीवर, दुसरं बोर्डाच्या ग्राउंडवर. खालचा एनमॉस (आउटपुट ग्राउंडकडे खेचणारा ट्रान्झिस्टर; वर खेचणारा तो पीमॉस) चालू होतो, करंट ओळीवरून आउटपुट पायात शिरतो, एनमॉसमधून डायच्या (आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याच्या) ग्राउंडवर येतो, तिथून बॉन्ड वायर आणि लीडफ्रेममधून पिन १० ने बाहेर पडून बोर्डाच्या ग्राउंडला मिळतो. संपूर्ण लूप एवढाच. या लूपमध्ये व्हीसीसी पिन कुठेच येत नाही, म्हणून डिकपलिंग कपॅसिटरही येत नाही. डिकपलिंग दुप्पट करून फरक का पडला नाही, याचं उत्तर इथे आहे: उतरत्या एजचा (१ वरून ० वर जातानाचा) करंट त्या कपॅसिटरला शिवतच नाही. त्यातून जातो तो चढत्या एजचा चार्जिंग करंट, आणि पीमॉस-एनमॉस दोन्ही क्षणभर अर्धवट चालू असताना सरळ आरपार वाहणारा करंट.

चढत्या एजसाठीही ०.१ मायक्रोफॅरड भरपूर आहे. सात ओळींवर प्रत्येकी १३० पिकोफॅरड धरले आणि ५ व्होल्टने चार्ज केले, तर लागणारा चार्ज साधारण ४.५ नॅनोकुलोम. तो ०.१ मायक्रोफॅरडमधून काढला तर त्यावरचा व्होल्टेज जेमतेम ४५ मिलिव्होल्ट उतरतो. त्यामुळे १० मायक्रोफॅरड समांतर लावून हा प्रश्न सुटणार नाही. तिथे महत्त्व असतं ते कपॅसिटर पिनांपासून किती दूर आहे याला, कारण त्या वाटेचा इंडक्टन्स आड येतो. कपॅसिटर असूनही व्हीसीसी पिनवर अर्धा व्होल्ट खड्डा दिसत असेल तर कपॅसिटरचं मूल्य बदलू नका, त्याची जागा बदला.

मूळ प्रश्नाकडे वळू. पिन १० चा इंडक्टन्स हीच खरी मेख आहे. २० पिनांच्या डिपमध्ये कोपऱ्यातल्या पिनचा इंडक्टन्स, आतली लीडफ्रेम धरून, १० ते १४ नॅनोहेन्रीच्या घरात असतो. दुर्दैवाने जुन्या परंपरेत ग्राउंड आणि व्हीसीसी नेमके कोपऱ्यांतच येतात, म्हणजे सर्वांत लांब लीडवर. एसी घराणं बाजारात आलं तेव्हा हा त्रास इतका उघडा पडला की टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ७४एसी११ ने सुरू होणारी वेगळी मालिका काढली आणि तिच्यात पॉवर-ग्राउंडच्या पिना मधोमध आणल्या. सॉकेटमुळे आणखी काही नॅनोहेन्रीची भर पडते. आपण हिशेबाला १० धरू, म्हणजे आकडे तुमच्या बाजूने झुकलेले राहतील.

इंडक्टन्सवर पडणारा व्होल्टेज = एल × करंट बदलण्याचा वेग. सातही ओळींचा करंट या एकाच पिनमधून जातो, म्हणून सातांची बेरीज घ्यायची. करंट बदलत असेपर्यंत डायचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडपेक्षा वर उचललं जातं. यालाच ग्राउंड बाउन्स म्हणतात. स्ट्रोबचं आउटपुट त्या वेळी ० वर आहे, म्हणजे त्याचा एनमॉस पूर्ण चालू आहे आणि त्याने स्ट्रोबची ओळ डायच्या ग्राउंडला १० ते १५ ओहममधून बांधून ठेवली आहे. डायचं ग्राउंड उचललं की ओळही सोबत उचलली जाते. पलीकडच्या एचसीटीचा प्रत्यक्ष उंबरठा (ज्याच्या वर तो इनपुटला १ समजतो) साधारण १.४ व्होल्टवर असतो, आणि हमी फक्त ०.८ व्होल्टपर्यंतच्या शून्याची. ५७४ चढत्या एजवर क्लॉक होतो. एवढं पुरेसं आहे.

मग यात लोड कपॅसिटन्सची भूमिका काय? इथे दोन परिस्थिती वेगळ्या ओळखाव्या लागतात, आणि गल्लत होते ती इथेच.

पहिली परिस्थिती: लोड ड्रायव्हरच्या मानाने हलका आहे. एजचा वेळ ड्रायव्हर स्वतः ठरवतो, लोड नाही. अशा वेळी करंट सरळ कपॅसिटन्सच्या प्रमाणात वाढतो. करंट बदलण्याच्या कमाल वेगासाठी हाताशी ठेवण्यासारखं सूत्र: १.५२ × व्होल्टेजची झेप × कपॅसिटन्स ÷ (एजचा वेळ)². एजचा वेळ १० ते ९० टक्क्यांचा घ्यायचा. बोर्डावरच ५० पिकोफॅरड लोड, ५ व्होल्ट आणि ३ नॅनोसेकंदांची एज असेल तर एका ओळीमागे ४२ मिलिअँप प्रति नॅनोसेकंद येतात. तोच लोड ६ नॅनोसेकंदांच्या एजने चालवला तर साडेदहा. एजचा वेळ वर्गात आहे, कपॅसिटन्स साध्या प्रमाणात. म्हणून लोड निम्मा करण्यापेक्षा एज दुप्पट संथ करणं दुपटीने फायद्याचं. एसीऐवजी एचसी सुचवण्यामागचं गणित हेच.

या सूत्राचा आकडा नेहमी जास्त येतो. डायचं ग्राउंड उचललं की एनमॉसचा सोर्स वर जातो, गेट-सोर्स व्होल्टेज घटतो, आणि एनमॉस आपोआप जरा मंद होतो. ही अंगभूत नकारात्मक फीडबॅक आहे. म्हणून कागदावर ३ व्होल्ट आले तरी स्कोपवर दीड दिसू शकतो. सूत्राचा उपयोग दोन पर्यायांची तुलना करायला करा. प्रत्यक्ष शिखर मोजूनच ठरवा.

दुसरी परिस्थिती: लोड जड आहे. ड्रायव्हर पूर्ण चालू होईपर्यंत ओळ फारशी उतरलेलीच नसते. आता करंटचं शिखर ठरतं ते एनमॉस जास्तीत जास्त किती खेचू शकतो त्यावर, आणि करंट किती झपाट्याने वाढतो ते ठरतं गेट किती लवकर उघडतं त्यावर. या दोन्ही गोष्टी लोडच्या हातात नाहीत. म्हणून लोड आणखी वाढवला की बाउन्सचं पहिलं शिखर वाढायचं थांबतं, सपाट होतं, काही घराण्यांत थोडं खालीही येतं. «कपॅसिटर लावला की नॉइज कमी होतो» हा समज इथून आला असावा: ओळीची एज स्कोपवर गोल आणि संथ दिसते, आणि माणसाला वाटतं सगळंच शांत झालं. पण ओळीवरचा व्होल्टेज संथ झाला म्हणजे पिन १० मधला करंट संथ झाला असं नाही. तो तितक्याच झपाट्याने चढतो, जास्त उंच जातो आणि जास्त वेळ टिकतो.

डेटाशीटमध्ये ±२४ मिलिअँप लिहिलेलं पाहून करंट तेवढ्यावर थांबेल असं समजू नका. तो स्थिर आकडा आहे. एसी घराण्याच्या डेटाशीटमध्येच क्षणिक करंटची किमान हमी ७५ मिलिअँपची दिलेली असते, आणि प्रत्यक्ष चिप त्याहून जास्त खेचते. समजा तुमच्या चिपची ओळ १२० मिलिअँप खेचते. १०० पिकोफॅरड लावल्यावर सात ओळींचे मिळून ८४० मिलिअँप त्या एका पिनमधून काही नॅनोसेकंद वाहतात.

कपॅसिटर नसताना किती वाहत होते? इथे केबलकडे कपॅसिटर म्हणून पाहणं चुकीचं ठरतं. प्रत्येक सिग्नलच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड असलेल्या १.२७ मिलिमीटर पिचच्या एफआरसीचा कपॅसिटन्स मीटरमागे ५० पिकोफॅरडच्या आसपास असतो, म्हणजे ६० सेंटिमीटरला ३०. पण त्या केबलचा विलंब मीटरमागे पावणेपाच नॅनोसेकंदांच्या घरात. जाऊन-येऊन साडेपाच नॅनोसेकंद होतात, आणि तुमची एज तीनची. परतीची लाट येण्याआधीच एज संपलेली असते. ड्रायव्हरला ३० पिकोफॅरड दिसतच नाहीत, दिसतो तो केबलचा सुमारे १०० ओहमचा इम्पिडन्स. करंट = ५ ÷ (१२ + १००), म्हणजे ४५ मिलिअँप. केबल एक मीटर केली तरी तेवढाच, दोन मीटर केली तरी तेवढाच. फक्त जास्त वेळ वाहील. याउलट ड्रायव्हरच्या पायाशी लावलेला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर मध्ये कुठलीही केबल न ठेवता थेट समोर उभा असतो. ४५ चे १२० मिलिअँप झाले ते यामुळे.

एज एकवार विलंबाच्या सहापट किंवा त्याहून लांब असेल तेव्हाच ओळीचा सगळा कपॅसिटन्स एकत्र धरून लोड मोजा. बोर्डावरच्या ट्रेससाठी ५० ओहमला सेंटिमीटरमागे साधारण १.२ पिकोफॅरड, एचसी-एचसीटीच्या प्रत्येक इनपुटला नेहमीचे ३.५ (डेटाशीटची कमाल १०), कनेक्टरला एक-दोन. एका बसवर चार इनपुट आणि १५ सेंटिमीटर ट्रेस असेल तर हिशेब ३५ च्या आसपास जातो. चाचणीच्या ५० पिकोफॅरडपेक्षा तो कमी आहे, म्हणून डेटाशीटचे बाउन्सचे आकडे तिथे बिनधास्त वापरता येतात.

आता रिंगिंग, म्हणजे एजनंतर व्होल्टेजचं हेलकावे खात विझणं (विझवण्याचा जोर म्हणजे डॅम्पिंग), कारण तुमच्या लॅचला खरा त्रास बहुधा त्याचाच आहे. ग्राउंड पिनचा इंडक्टन्स, उतरणाऱ्या सगळ्या ओळींचा समांतर कपॅसिटन्स आणि त्यांचे समांतर एनमॉस मिळून एक सिरीज एलसीआर सर्किट बनतं. एका ओळीचा रेझिस्टन्स आर, कपॅसिटन्स सी, आणि एन ओळी असतील तर डॅम्पिंग गुणांक = (आर ÷ २) × वर्गमूळ (सी ÷ (एन × एल)). एका सूत्रात तीन गोष्टी दिसतात: ओळी वाढल्या की डॅम्पिंग घटतं, कपॅसिटन्स वाढला की वाढतं, पण दोन्ही वर्गमुळाने. रेझिस्टन्स मात्र सरळ प्रमाणात.

आकडे घालून पाहा. केबलला ढोबळपणे ३० पिकोफॅरडचा लोड समजू, आर १२ ओहम, एल १० नॅनोहेन्री, ओळी सात. डॅम्पिंग ०.१२ आणि रिंगिंग ११० मेगाहर्ट्झवर. अर्धी लाट साडेचार नॅनोसेकंदांची. १०० पिकोफॅरड लावल्यावर ओळीमागे १३० होतात: डॅम्पिंग ०.२६, रिंगिंग ५३ मेगाहर्ट्झ, अर्धी लाट ९.४ नॅनोसेकंद. रिंगिंग लवकर विझतं हे खरं, पण पहिला उंचवटा दुप्पट रुंद झाला. साडेचार नॅनोसेकंदांचा, उंबरठ्याला जेमतेम शिवणारा उंचवटा एचसीटीसारखं मध्यम वेगाचं घराणं पुष्कळदा गिळून टाकतं. नऊ नॅनोसेकंदांचा त्याला खरा क्लॉक वाटतो. कपॅसिटरने त्रास का वाढला त्याचं उत्तर शिखराच्या उंचीइतकंच, किंबहुना जास्त, या रुंदीत आहे.

त्याऐवजी ८२ ओहम सिरीजमध्ये घातले तर आर होतो ९४ आणि त्याच ३० पिकोफॅरडला डॅम्पिंग जातं ०.९७ वर. रिंगिंग जवळपास संपलं. करंट उतरतो ५ ÷ (१२ + ८२ + १००), म्हणजे २६ मिलिअँपवर. सात ओळींचे १८० मिलिअँप, कपॅसिटर असतानाच्या ८४० पुढे. शिवाय १२ अधिक ८२ हे केबलच्या १०० ओहमशी जुळतात, म्हणून पलीकडून परतलेली लाट ड्रायव्हरपाशी शोषली जाते. एकाच रेझिस्टरने तीन कामं होतात. ८२ नसेल तर ६८ किंवा १०० चालेल. केबलऐवजी ५० ओहमचा ट्रेस असेल तर ३३ किंवा ३९. एचसी२४४ वापरलात तर त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स ३० ते ४० ओहम असतो, तेव्हा केबलसाठी ५६ पुरेत.

बाउन्सचा अंदाज: एसी असताना, कपॅसिटर न लावता, ४५ मिलिअँप ३ नॅनोसेकंदांत म्हणजे सात ओळींचे १०५ मिलिअँप प्रति नॅनोसेकंद, १० नॅनोहेन्रीवर सरासरी १ व्होल्ट. एजच्या मध्यावर उतार जास्त तीव्र असतो, म्हणून शिखर त्याहून वर. एचसीटीच्या १.४ व्होल्टच्या अगदी तोंडाशी आलो. ८२ ओहमने सरासरी ०.६ वर येते. एचसी२४४ आणि ५६ ओहम, एज ६ नॅनोसेकंद: ०.३. हे झालं सुरक्षित.

रिसीव्हरच्या बाजूनेही एक स्वस्त उपाय आहे. ड्रायव्हर ५ व्होल्टचा सीमॉस असेल तर पलीकडे एचसीटीची गरज नाही, ७४एचसी५७४ बसवा. उंबरठा १.४ वरून अडीच व्होल्टवर जातो, आणि ४.५ व्होल्टला शून्याची हमी ०.८ ऐवजी १.३५ पर्यंत मिळते. मात्र ड्रायव्हर ३.३ व्होल्टचा असेल तर हे करू नका: ५ व्होल्टवरच्या एचसीला १ ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात.

कपॅसिटरला या सर्किटमध्ये एक योग्य जागा आहे, आणि ती फक्त स्ट्रोबची. डिस्प्ले कार्डावर, ५७४ च्या पिन ११ शेजारी, १०० ओहम सिरीज आणि त्यानंतर १०० पिकोफॅरड त्याच चिपच्या ग्राउंड पिनला. टाइम कॉन्स्टंट १० नॅनोसेकंद. दीड व्होल्ट उंच, साडेचार नॅनोसेकंद रुंद उंचवटा यातून ०.४ व्होल्टच्या आसपास उरतो. खऱ्या क्लॉकला तीन-चार नॅनोसेकंद उशीर होतो, १ मेगाहर्ट्झला त्याचं काही नाही. स्ट्रोबनंतर डेटा निदान ५० नॅनोसेकंद तसाच ठेवा म्हणजे झालं. रेझिस्टर विसरून नुसता कपॅसिटर लावू नका. तसंच मूल्य वाढवत नेऊ नका: क्लॉकची एज शेकडो नॅनोसेकंदांची झाली की उंबरठ्यावर रेंगाळताना ती एकदाऐवजी दोनदा मोजली जाते. तितकं गाळायचंच असेल तर मध्ये ७४एचसीटी१४ ची (श्मिट ट्रिगर) दोन गेट्स एकापुढे एक घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे स्ट्रोब या २४४ मधून काढून वेगळ्या छोट्या चिपमधून पाठवणं. ७४एचसी१२५ चं एक गेट पुरतं. डेटाच्या बफरचं ग्राउंड कितीही उचललं तरी स्ट्रोबचं ग्राउंड वेगळं राहतं. बोर्ड नव्याने काढायचा असेल तर मी पहिला बदल हाच करेन. क्लॉक, रीसेट, राइट-इनेबल आणि एकदम उलटणारा बस एका पॅकेजात ठेवणं हा मुळातला डिझाइन-दोष आहे. ठेवावाच लागला तर तो सिग्नल ग्राउंड पिनच्या सर्वांत जवळच्या आउटपुटवर घ्या.

आता केबलचं ग्राउंड. वरचा सगळा हिशेब पिनच्या १० नॅनोहेन्रीचा आहे. तुमच्या केबलमध्ये आठ सिग्नल आणि कोपऱ्यात एकच ग्राउंड असेल तर सगळ्यांचा परतीचा करंट त्या एका तारेतून येतो, आणि ६० सेंटिमीटरच्या अशा लूपचा इंडक्टन्स पाव ते अर्धा मायक्रोहेन्री असतो, म्हणजे आयसीच्या पिनच्या २५ ते ५० पट. १०० ओहमचा आकडा धरला तोही तेव्हा खरा राहत नाही. अशा केबलवर आयसी कितीही चांगला बदला, दोन कार्डांची ग्राउंड्स एकमेकांपासून नाचतच राहतील. आठ सिग्नलना २० पिनांचा कनेक्टर घ्या आणि ग्राउंड-सिग्नल-ग्राउंड असं एकाआड एक लावा. जुना १० पिनांचा कनेक्टर ठेवायचाच असेल तर निदान स्ट्रोबच्या शेजारची तार ग्राउंडची असू द्या.

दोष पिनचा आहे, केबलच्या ग्राउंडचा आहे की क्रॉसटॉकचा (शेजारच्या ओळीतून येणाऱ्या नॉइजचा), हे तासाभरात वेगळं करता येतं. स्ट्रोबचं इनपुट २४४ पाशीच ग्राउंडला बांधा, बाकीच्या सात ओळी १०० किलोहर्ट्झने एकदम वर-खाली करा, आणि स्ट्रोबचा आउटपुट पाय बघा. डेटाशीटमध्ये शांत आउटपुटवरचं शिखर म्हणून जो आकडा असतो, तो याच प्रकारे मोजलेला असतो. प्रोबची टीप त्या पायावर, ग्राउंड स्प्रिंग त्याच आयसीच्या पिन १० वर. १५ सेंटिमीटरची मगरचिमट्याची ग्राउंड वायर इथे चालत नाही: तिचा १०० नॅनोहेन्रीहून जास्त इंडक्टन्स आणि प्रोबचे १२ पिकोफॅरड मिळून स्वतःच १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास रिंग करतात, आणि नसलेला नॉइज दिसतो. खात्री करायला टीप आणि ग्राउंड दोन्ही पिन १० वरच टेकवा. तेव्हाही जे दिसतं ते प्रोबचं, सर्किटचं नाही. स्कोप १०० मेगाहर्ट्झचा असेल तर त्याचा स्वतःचा राइज टाइम ३.५ नॅनोसेकंद आहे, शिखर बुटकं दिसेल. दोनशे किंवा जास्त हवा. १एक्स प्रोब तर लावूच नका, तो शंभर पिकोफॅरडचा लोड आहे.

मग डेटाच्या ओळी एक, दोन, चार, सात अशा वाढवत पाहा. ग्राउंड बाउन्स असेल तर शिखर संख्येबरोबर वाढतं (सरळ प्रमाणापेक्षा थोडं कमी) आणि कोणत्या ओळी हलल्या याला फारसं महत्त्व नसतं. क्रॉसटॉक असेल तर फक्त शेजारच्या दोन ओळी हलवल्या तरी जवळपास सगळा नॉइज येतो. दिशाही बोलकी असते. ओळी ० वर उतरताना ड्रायव्हरच्या टोकाशी शांत ओळ आधी वर उचलली गेली तर बाउन्स. आधी खाली दबली तर क्रॉसटॉक. केबलच्या दुसऱ्या टोकाला हा नियम लावू नका, तिथे क्रॉसटॉकची दिशा उलटू शकते.

शेवटी केबल काढून प्रत्येक ओळीवर ३३ पिकोफॅरड पिन १० जवळच्या ग्राउंडला लावा आणि पुन्हा मोजा. केबल नुसती उपटून मोजलं तर लोडच गेलेला असतो, त्यावरून काही कळत नाही. हा खोटा लोड त्यासाठी. ड्रायव्हरपाशी शिखर अर्ध्या व्होल्टच्या आत आणि केबल लावल्यावर डिस्प्ले कार्डावर दीड व्होल्ट, असं निघालं तर आयसी निर्दोष आहे, केबलचं ग्राउंड बदला.

सिम्युलेशनमध्ये बघणार असाल तर एक इशारा. एनजीस्पाइस, एलटीस्पाइस किंवा आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ई-सिम, काहीही वापरा; आदर्श ग्राउंडला बांधलेला ड्रायव्हर कधीच बाउन्स दाखवणार नाही. डायचं ग्राउंड वेगळा नोड करा आणि तिथून बोर्डाच्या ग्राउंडपर्यंत १० नॅनोहेन्री घाला, व्हीसीसीला तेवढेच. सातही ड्रायव्हर त्याच नोडवर, आणि आठवा शांत ड्रायव्हर म्हणून १२ ओहमचा रेझिस्टर. लोड १५, ५०, १५० पिकोफॅरड असा बदलून पाहिलात की शिखर सपाट होताना आणि उंचवटा रुंदावताना स्पष्ट दिसतं.

बफर न वापरता मायक्रोकंट्रोलर किंवा एफपीजीएच्या पायांवरून थेट बस चालवत असाल तर हेच उपाय सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. एसटीएम३२ मध्ये जीपीआयओचा स्पीड सर्वांत खालचा ठेवा. एफपीजीएत स्ल्यू स्लो आणि ड्राइव्ह १२ ऐवजी ४ मिलिअँप. सातही बिट एकाच क्षणी बदलण्याची सक्ती नसेल तर आधी चार, २० नॅनोसेकंदांनी तीन असे लिहा. शिखर जवळपास निम्म्यावर येतं, आणि स्ट्रोब तसाही नंतरच द्यायचा असतो.